आर्मा ३ मधली ३० मिमी तोफ: गनरच्या खुर्चीतून परीक्षण

आर्मा ३ या संगणकावरच्या युद्धखेळात रायफल घेऊन धावणाऱ्यांची कमी नाही, पण तोफगाडीत गनर म्हणजे तोफ चालवणारा म्हणून टिकून बसणारे थोडे. बहुतेकांची पहिली मोहीम सारखीच जाते. गावात शिरता शिरता बटण दाबून धरलेलं असतं, दहा मिनिटांत फुटणारे गोळे संपतात आणि मग एखाद्या कुंपणामागून टायटन क्षेपणास्त्र येऊन गाडी पेटते. त्यावरून 'तोफ कमजोर आहे' असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. या खेळातली ऑटोकॅनन, म्हणजे सलग गोळे डागणारी तोफ, नीट वापरली तर रणगाड्याइतकी मोलाची आहे, कारण ती ड्रायव्हर, गनर आणि कमांडर या तीन माणसांना एकत्र विचार करायला लावते. तिच्यात खोटही आहे, तीही पुढे सांगतो.

खेळ बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीचा, सप्टेंबर २०१३ चा. इतका जुना असूनही गाड्यांच्या बाबतीत तो आज टिकून आहे, आणि त्याचं मोठं श्रेय एप्रिल २०१८ च्या टँक्स अपडेटला जातं. त्या वेळी चिलखताचा हिशेब, गाड्यांचं आतलं दृश्य आणि तोफेची यंत्रणा नव्याने बसवली गेली. हा भाग सगळ्यांना फुकट मिळाला. पैसे पडतात ते त्यासोबत आलेल्या अँगारा, ऱ्हायनो आणि निक्स या गाड्यांचे. इथे ज्या तोफगाड्यांबद्दल लिहितो आहे त्या मूळ खेळातच आहेत, म्हणजे वेगळा डीएलसी (विकत घ्यायचा जोडभाग) घ्यायची गरज नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात या खेळाला वर्षातून अनेकदा मोठी सवलत लागते, तेव्हाच घ्यावा.

गाड्या चार. नाटोची मार्शल, अल्टिस बेटावरच्या एएएफ या सैन्याची गॉर्गन आणि मोरा, सीसॅट या नाटोविरोधी आघाडीची कामिश. मार्शल आणि गॉर्गन आठ चाकांच्या, पाण्यात उतरणाऱ्या. मोरा आणि कामिश पट्ट्यांच्या. मार्शलची तोफ ४० मिमी, बाकी तिघींची ३० मिमी. मार्शलमध्ये फुटणारे गोळे ६० आणि चिलखतभेदी ४०. गॉर्गनमध्ये फुटणारे १४० आणि चिलखतभेदी ६०. गॉर्गन आणि कामिशवर टायटन क्षेपणास्त्रंही आहेत. मार्शल आणि मोराला ती नाहीत. हे आकडे पाठ असलेले बरे, कारण गनरचं अर्धं काम हिशेबाचं असतं. मार्शलचा गोळा मोठा आणि एकेक गोळा जास्त नुकसान करतो, पण शंभर गोळ्यांत अख्खी मोहीम काढायची असते. नवशिक्याने गॉर्गनपासून सुरुवात करावी: गोळे दुप्पट, वेग चांगला, आणि समोर अचानक रणगाडा आला तर क्षेपणास्त्र हाताशी.

दोन प्रकारच्या गोळ्यांमधला फरक समजला नाही तर बाकी सगळं व्यर्थ. फुटणारा गोळा माणसांसाठी, ट्रकसाठी, मशीनगन लावलेल्या जीपसाठी आणि खिडकीमागे लपलेल्यांसाठी. तो आदळतो तिथे फुटतो, त्यामुळे माणसाच्या अंगावरच नेम धरायची गरज नसते. त्याच्या पायाजवळची जमीन, त्याच्यामागची भिंत पुरते. उघड्या मैदानात पडून असलेल्या माणसाच्या डोक्यावरून गोळा गेला तर तो दोनशे मीटर मागे फुटतो आणि काहीच होत नाही, म्हणून नेम नेहमी किंचित खाली. चिलखतभेदी गोळा म्हणजे पातळ, जड सळई. तो फुटत नाही, जास्त वेगाने आणि जास्त सपाट जातो. तोफगाड्यांना, रणगाड्याच्या बाजूला आणि पाठीला हाच. रणगाड्याच्या तोंडावर मात्र चिलखतभेदी गोळेही वाया जातात. तिथे एकच शहाणपणाचं काम: पट्टा आणि तोफेच्या नळीवर मारून त्याला लंगडा करायचा, धूर सोडून मागे सरकायचं आणि बाकीचं क्षेपणास्त्रवाल्यांवर सोपवायचं.

गोळ्याचा प्रकार बदलायला 'एफ' ही कळ. इथे खेळाने एक गोष्ट बरोबर पकडली आहे. आजच्या खऱ्या ऑटोकॅननना दोन बाजूंनी गोळे येतात, त्यामुळे गनर मॅगझिन न बदलता एका प्रकारावरून दुसऱ्यावर जातो. खेळातही बदल झटकन होतो. म्हणून सवय अशी लावावी की गाडी हलताना तोफेवर नेहमी फुटणारे गोळे असावेत, आणि चिलखत दिसलं की 'एफ'. उलटं ठेवलं तर झुडपातून उठणाऱ्या क्षेपणास्त्रवाल्यावर सळया जातात, आणि सळई त्याच्या शेजारून गेली तर तो शांतपणे नेम धरून डागतो.

आता अंतर. 'टी' दाबला की लेझर जातो, अंतराचा आकडा दिसतो आणि तोफ त्या अंतराला बसते. इतकं सोपं असताना लोकांचे गोळे आखूड का पडतात? कारण लेझर लक्ष्यावर न पडता मधल्या फांदीवर, तारेच्या कुंपणावर किंवा समोरच्या गवताच्या उंचवट्यावर पडलेला असतो. आकडा वाचल्याशिवाय गोळी झाडू नये. लक्ष्य साधारण हजार मीटरवर आहे असं नकाशावरून कळतंय आणि आकडा १४० दाखवतोय, तर तोफ १४० ला बसली आहे. नेम वर नेऊन लक्ष्याच्या मागच्या मोकळ्या उतारावर किंवा शेजारच्या घराच्या भिंतीवर परत लेझर मारायचा. भिंत सगळ्यात भरवशाची. ती सपाट असते आणि तिच्यातून लेझर आरपार जात नाही.

दुसरी चूक सेटिंगमधली असते आणि ती वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. व्हिडिओच्या पर्यायांत दृश्य-अंतराचे दोन वेगळे स्लायडर आहेत: एक जमिनीसाठी, एक वस्तूंसाठी. फ्रेमरेट वाढावा म्हणून वस्तूंचा स्लायडर ८०० मीटरवर आणला की ८०० च्या पलीकडची गाडी चित्रातच येत नाही. टेकडी दिसते, रस्ता दिसतो, त्यावरचा शत्रू दिसत नाही. त्याला मात्र तुम्ही दिसता. पायदळाला ८०० चालतात. गनरने वस्तूंचं अंतर किमान २००० ठेवावं आणि त्याची भरपाई सावल्या, ढग आणि गवताची गुणवत्ता कमी करून करावी. सर्व्हरने मर्यादा घातली असेल तर ती आधी विचारून घ्यावी, म्हणजे गाडी किती लांब थांबवायची ते ठरवता येतं. हा खेळ ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, म्हणून नुसतं महागडं कार्ड घेऊन मोठ्या मोहिमेत फारसा फरक पडत नाही.

थर्मल दुर्बिणीसाठी 'एन'. पुन्हा दाबलं की पुढचा प्रकार येतो. यात माणसं पांढरी चमकतात, चालू इंजिन आणि नुकतीच फिरलेली चाकं उजळ दिसतात, नुकती डागलेली नळीही तापलेली दिसते. पार्क केलेल्या दहा गाड्यांमधली कोणती आत्ताच येऊन थांबली हे क्षणात कळतं. हेच उलटंही लागू आहे. टेकडीवर दबा धरून बसायचं असेल तर ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. आवाजही जातो आणि गाडी थंडही होते. दिवसाच्या उन्हात थर्मल डोळ्याला सोपा वाटतो म्हणून तोच चालू ठेवणारे बरेच असतात. पण थर्मलमध्ये गणवेश ओळखू येत नाही, आणि स्वतःच्याच तुकडीवर गोळे टाकण्याचे बहुतेक प्रकार असेच घडतात. थर्मलमध्ये शोधायचं, साध्या दृश्यात ओळखायचं, मग मारायचं.

मारायचं ते तीन ते पाच गोळ्यांच्या छोट्या फैरीत. पहिली फैर कुठे पडली हे ट्रेसरवरून (गोळ्यामागच्या चमकत्या रेषेवरून) आणि धुळीवरून बघायचं, नेम सुधारायचा, दुसरी फैर. या हिशेबाने गॉर्गनच्या १४० गोळ्यांत तीस ते पंचेचाळीस फैरी होतात आणि मोहीम निभावते. बटण दाबून धरलं तर पहिल्या फैरीची चूक सुधारायच्या आत चाळीस गोळे त्याच चुकीच्या जागी गेलेले असतात. ट्रेसरचा रंगही ध्यानात असू द्या: नाटोचा लाल, सीसॅटचा हिरवा, एएएफचा पिवळा. अंधारात तो रंग तुमची जागा सगळ्या खोऱ्याला सांगतो. दोन, फार तर तीन फैरी, की गाडी मागे आणि नवी जागा.

पळत्या लक्ष्यासाठी डोक्यात साधं गणित ठेवावं. ३० मिमीचा फुटणारा गोळा हजार मीटर जायला सेकंदाहून जरा जास्त वेळ घेतो. ताशी ३६ किलोमीटरने आडवी जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर कापते, म्हणजे गोळा पोचेपर्यंत ती स्वतःच्या लांबीपेक्षा बरीच पुढे गेलेली असते. एकदा घेतलेलं अंतर आणि एकदा धरलेला पुढचा नेम, दोन्ही त्या क्षणापुरतेच खरे. गाडीने वळण घेतलं, वेग कमी केला, की पुन्हा 'टी' आणि पुन्हा हिशेब. चिलखतभेदी गोळा जास्त वेगवान असल्यामुळे त्याला पुढे कमी धरावं लागतं. फुटणाऱ्याची सवय झालेला हात सळया लक्ष्याच्या पुढे टाकतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती वळणावर, चढावर किंवा पुलाच्या तोंडाशी मंदावेल त्या जागेवर आधीच लेझर मारून थांबणं.

टेकडीचा वापर हा ड्रायव्हर आणि गनर यांच्यातला सगळ्यात नाजूक भाग. गाडीचं धड उतारामागे आणि फक्त टॉवर (तोफेचा फिरता घुमट) वर, अशी जागा हवी. इथे फसगत अशी होते की गनरची दुर्बीण नळीपेक्षा उंच असते. दुर्बिणीतून लक्ष्य स्वच्छ दिसतं, पण नळीसमोर पाच मीटरवर मातीचा कड असतो. पहिलाच फुटणारा गोळा त्या कडावर फुटतो आणि स्वतःच्याच गाडीला इजा करतो. खात्री नसेल तर पहिला एक गोळा चिलखतभेदी टाकावा. तो फुटत नाही, ट्रेसर मातीत घुसलेला दिसतो आणि ड्रायव्हरला 'अर्धा मीटर पुढे' सांगता येतं. माघारीही आधीच ठरलेली असावी: गाडीचं तोंड शत्रूकडे, मागचा रस्ता मोकळा, आणि 'मागे' हा शब्द ऐकताच प्रश्न न विचारता रिव्हर्स.

तिघांचं बोलणं आखीव असावं. डिस्कॉर्डवर मराठीतच बोलणारे गट आहेत, आणि मराठीत हुकूम छोटे बसतात. कमांडरने आधी दिशा, मग काय, मग अंतर, मग कोणता गोळा एवढंच सांगावं: 'दोनशे चाळीस अंश, ट्रक, नऊशे, फुटणारे, मार.' गनरने 'दिसला' किंवा 'नाही दिसला' एवढंच. 'अरे तिकडे, तिकडे, झाडाजवळ' यात जे चार सेकंद जातात त्यात टायटन येऊन पोचतो. धूर कमांडरकडे. धुराच्या फैरी मोजक्या असतात, म्हणून क्षेपणास्त्राचा इशारा वाजल्यावरच धूर आणि धुराबरोबर हालचाल. धूर सोडून तिथेच उभं राहणं म्हणजे धूर फुकट घालवणं.

एकट्याने खेळणाऱ्याला ड्रायव्हर संगणकाचा मिळतो आणि इथे खेळाची सगळ्यात मोठी खोट उघडी पडते. गनर किंवा कमांडरच्या जागेवरून चालवण्याच्या कळांनी ड्रायव्हरला पुढे-मागे-वळ असे हुकूम देता येतात, पण तो ते सावकाश पाळतो. पुलावर अडतो, दगडी कुंपणाला घासत राहतो आणि टेकडीच्या कडेवर नेमकं थांबणं त्याला जमतच नाही. संगणकाचा गनर त्याहून घातक. लपलेल्या जागेवरून तो आपणहून गोळी झाडून जागा उघड करतो. त्याला 'गोळीबार थांबवा' हा हुकूम मोहीम सुरू होताच द्यावा. तोफगाडीसाठी हा खेळ घ्यायचा असेल तर दोन मित्र सोबत हवेतच. तिघे नसतील तर निदान ड्रायव्हर माणूस असावा. सर्व्हर भाड्याने घ्यायची गरज नाही, एका मित्राला स्वतःच्या यंत्रावरून मोहीम होस्ट करता येते.

दुसरी खोट: तोफ तापत नाही. खऱ्या तोफेत सलग मारा केला की नळी तापते, अचूकता घसरते आणि गनरला थांबावं लागतं. मूळ खेळात असं काही होत नाही, गोळे असेपर्यंत बटण दाबून धरता येतं. त्यामुळे शिस्त खेळ लावत नाही, ती स्वतः लावावी लागते. तिसरी: नुकसानीचा हिशेब टँक्स अपडेटनंतर पुष्कळ सुधारला तरी मुळात तो भागांच्या 'आयुष्या'चा हिशेब आहे. धड, इंजिन, टॉवर, तोफ, पट्टे किंवा चाकं, प्रत्येकाचा रंग पांढऱ्यावरून पिवळा आणि मग लाल होतो. म्हणून कधीकधी सळई बरोबर जागी लागूनही गाडी निमूट लढत राहते, आणि कधी लहान लहान मारांनी धड लाल होऊन ती अचानक फुटते. लाल धडाच्या गाडीत बसून राहू नये. उतरावं.

दुरुस्तीचं मात्र छान जमलं आहे. टूलकिट असलेला इंजिनिअर मैदानातच गाडी चालण्याजोगी करतो, पूर्ण बरी करण्यासाठी दुरुस्तीचा ट्रक जवळ लागतो. नाटोकडे हेम्ट, एएएफ आणि सीसॅटकडे झामाक. गोळ्यांचा ट्रक वेगळा असतो आणि तोच सगळ्यांच्या आधी मारला जातो, कारण तो चुकून पुढे येतो. त्याला लढाईपासून किमान दोन किलोमीटर मागे, घरांच्या आड ठेवा. नाटोकडून खेळत असाल तर बॉबकॅट मागवा: एकाच गाडीत दुरुस्ती, इंधन आणि गोळे तिन्ही. चाकांच्या गाड्यांची चाकं रायफलच्या गोळ्यांनीही फुटतात, त्यामुळे मार्शल-गॉर्गनने गावाच्या गल्लीत शिरू नये. तिथे मोरा बरी, आणि तीही पायदळ पुढे चालत असेल तरच.

सरावासाठी खेळातला मोहिमा बनवायचा एडिटर वापरा. तो २०१६ पासून त्रिमितीय आहे आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. अल्टिस बेटाच्या पूर्व भागात अल्मिरा नावाचं कोरडं मिठाचं तळं आहे, सपाट आणि मोकळं. तिथे एक गॉर्गन ठेवा, तिच्या गनरवर राइट-क्लिक करून स्वतःला त्या जागी बसवा. समोर ४००, ८००, १२०० आणि १६०० मीटरवर रिकाम्या गाड्या ठेवा: एक ट्रक, एक तोफगाडी, एक रणगाडा आडवा, एक रणगाडा समोरासमोर. प्रत्येक अंतराला किती फुटणारे आणि किती चिलखतभेदी गोळे लागतात ते कागदावर लिहा. मग एका ट्रकला मार्गबिंदू देऊन शेवटी 'चक्र' (Cycle) हा प्रकार लावा, तो फिरत राहील. त्यावर पुढचा नेम धरायचा सराव करा. अर्ध्या तासात जे कळतं ते दहा ऑनलाइन मोहिमांत कळत नाही, कारण मोहिमेत कोणता गोळा कुठे गेला हे बघायला सवड नसते.

मूळ खेळातल्या गाड्या २०३५ सालच्या कल्पनेतल्या आहेत. खरी तोफ हवी असेल तर स्टीम वर्कशॉपवर रेड हॅमर स्टुडिओज म्हणजे आरएचएसचे मोड (खेळाडूंनी बनवलेली भर) फुकट मिळतात. त्यांत अमेरिकेची ब्रॅडली आहे आणि रशियाची बीएमपी-२ही आहे. बीएमपी-२ ची २ए४२ ही ३० मिमी तोफ मराठी वाचकाला अगदी परकी नाही. हीच गाडी भारतात मेदकच्या कारखान्यात 'सारथ' नावाने बनते आणि यंत्रसज्ज पायदळाचं केंद्र आपल्या अहिल्यानगरला आहे. के. के. रेंजच्या आसपासच्या गावांना तोफांचे आवाज नवे नाहीत. खऱ्या बीएमपी-२ मध्ये ५०० गोळे असतात आणि २ए४२ ला दोन वेग: मंद, मिनिटाला २०० ते ३००, जलद, ५५० च्या वर. जलद वेगावर सगळे ५०० गोळे एका मिनिटाच्या आत संपतात, हे एकदा लक्षात घेतलं की छोट्या फैरींचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

मूळच्या बीएमपी-२ ला लेझर नाही, अंतर डोळ्याने आणि पट्टीने काढायचं. दुर्बिणीतली अंतराची पट्टी २.७ मीटर उंचीच्या लक्ष्यासाठी आखलेली असते. पट्टीवाचूनही हिशेब करता येतो: लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, दुर्बिणीत ते जितके मिल (कोन मोजायचं एकक) दिसतं त्याने भागा. २.७ मीटरची गाडी ३ मिल दिसली तर ती ९०० मीटरवर आहे. लक्ष्याचा खालचा भाग गवतात लपला असेल तर ते खुजं दिसतं, भागाकार मोठा येतो आणि गोळे डोक्यावरून जातात. अशा वेळी आलेल्या अंतरातून शंभर-दीडशे मीटर कमी करून पहिली फैर टाकावी आणि धुळीवरून सुधारावी. गॉर्गनचे लाड सोडून आठवडाभर या गाडीत बसलेला गनर परत लेझरकडे आला की आकडा चुकीचा आहे हे त्याला वाचायच्या आधीच कळतं.

कुणासाठी: दोन-तीन मित्र, संध्याकाळचे दोन तास आणि पंचवीस मिनिटं झुडपाआड गप्प बसायची तयारी असेल त्यांनी जरूर घ्यावा. एकट्याने, पटापट सामने खेळायचे असतील तर या खुर्चीत बसू नका. संगणकाचा ड्रायव्हर तुमचा धीर संपवेल. चारांतली एक निवडायची तर मी गॉर्गन निवडेन, आणि ड्रायव्हरच्या जागी तो माणूस बसवेन जो 'मागे' ऐकल्यावर 'का?' विचारत नाही.